सांध्यावरचं शून्य

चंद्रावरच्या वसाहतीत चौथ्या कक्षातली हवा पुन्हा पातळ झाली, तेव्हा नियंत्रणशाळेत दोन तज्ज्ञ एकमेकांची अक्कल काढत होते.

कक्षात नागेश उबाळे होता. खाणीतली धूळ फुप्फुसात गेली, शस्त्रक्रिया झाली. जखम भरेपर्यंत कक्ष सीलबंद. बाहेर काढला तर जंतुसंसर्गानं जाईल, आत ठेवला तर गुदमरून.

"बनसोडेबाई," ध्वनिक्षेपकातून तो धापा टाकत म्हणाला, "यांचं भांडण मिटेस्तोवर श्वास रोखून धरू का?"

"गप पडून राहा, उबाळे," दोषशोध विभागाची प्रमुख शकुंतला बनसोडे म्हणाली.

श्वासयंत्रणेच्या आज्ञावलीचे दोन भाग होते. झडपा चालवणारा भाग जुन्या संगणकभाषेत, तो हेमंत दिघ्यांकडे. माणसं मोजणारा भाग नव्या भाषेत, तो इम्तियाज मुलाणीकडे. झडप सतत विचारायची, आत किती माणसं? मोजणी उत्तर द्यायची. मधे एक सांधा होता, एका भाषेतलं उत्तर दुसरीत पोचवणारा. तो कुणाच्याच वाटणीला आला नव्हता, म्हणून कुणी वाचलाही नव्हता.

"माझ्याकडे शून्य आलं," दिघे म्हणाले. "माणूस नाही म्हटल्यावर झडप मिटणारच. मुलाणीला मोजता येत नाही, त्याला मी काय करू?"

"मोजणी मधेच थांबवून, गोठवून पाहिली, साहेब. एक माणूस दिसतोय. तुमची झडप आंधळी आहे."

"कधी गोठवली?" शकुंतलेनं विचारलं.

"आत्ताच. तक्रार आली की गोठवतो. रोजच्या तपासणीतही गोठवतो. आपला भाग स्वच्छ आहे हे आधी दाखवायचं, ही इथली पद्धतच आहे."

तिनं खुर्ची ओढली. "दोघांचे पडदे शेजारी लावा. एकाच घड्याळावर."

"माझा भाग त्यांना दाखवायचा?" दिघ्यांना ते अपमानासारखं लागलं.

"तुमचा अब्रूचा प्रश्न आहे, त्याचा श्वासाचा. लावा."

पडदे लागले. तिनं मुलाणीला मोजणी क्षणभर गोठवायला सांगितली. त्याच्या पडद्यावर एक. दिघ्यांच्या पडद्यावर शून्य. झडप मिटली. तिनं लगेच गोठण सोडवली, झडप उघडली.

मुलाणीचा चेहरा उतरला. "मी मारत होतो त्याला."

"तू बघत होतास. तू गोठवलंस की मोजणी गप्प होते, पण झडप चालूच राहते. विचारते, उत्तर येत नाही. नव्या भाषेत 'माहीत नाही' असं उत्तर असतं. जुन्या भाषेत आकडाच लागतो. सांधा रिकाम्या जागी शून्य देतो. दोघंही खरं बोलत होता, आणि दोघांच्या खरेपणात माणूस गुदमरत होता."

"इतर कक्षांत का नाही झालं?" दिघ्यांनी विचारलं.

"ते एकमेकांना उघडे आहेत. शेजारची हवा आत येते. हा एकटाच बंद आहे. आता कुणीही काहीही गोठवायचं नाही. मी सांधा दुरुस्त करते."

तिनं सांध्याची आज्ञावली उघडली आणि त्याच क्षणी चौथ्या कक्षाची झडप मिटली.

मुलाणीनं दोन्ही हात वर केले. "मी नाही, बाई. शप्पथ."

"मला दिसतंय." तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर गेली. मोजणी गोठवलेली होती, पण हुकूम इथला नव्हता. या बिघाडासाठी पृथ्वीवर नेमलेल्या चौकशी समितीचा होता. चंद्रावरचे लोक खोटं तर बोलत नाहीत ना, हे तपासायला समितीनं तिथूनच मोजणी थांबवली होती. त्यांना पडद्यावर स्वच्छ, निर्दोष एक दिसत असणार. समाधान होईपर्यंत ते गोठण सोडणार नव्हते, आणि ती इथून सुटणारी नव्हती.

"कळवू या त्यांना," दिघे म्हणाले.

"समिती बसणार, टिपण काढणार. तोवर उबाळे उरायचा नाही." तिनं पृथ्वीचा दुवा तोडला. मोजणी सुटली, झडप उघडली. ध्वनिक्षेपकातून एक लांब श्वास ऐकू आला, मग खोकला.

"यावर चौकशी होईल, बाई," मुलाणी म्हणाला.

"होऊ दे. समोरासमोर येऊन करा म्हणावं. बघण्यानं गळा आवळला जाणार नाही इतक्या जवळ येऊन." तिची बोटं चालू होती. "उत्तर आलं नाही, तर आत माणूस आहे असंच धरायचं. एवढी एकच ओळ. कुणाच्या भागात टाकू?"

दिघे आणि मुलाणी एकदमच म्हणाले, "माझ्या."

तिनं ती दोन्हीकडे लिहिली.