बशीतला ठोका

पितृपक्षातल्या त्या दुपारी ऋत्विजने बहिणीच्या, मृण्मयीच्या नावाचं पान दोन्ही हातांत धरलं आणि कठड्याला न टेकता गच्चीचा जिना चढला. भाताचं शीतही सांडलं नाही. चार वर्षांपूर्वी हा तिशीचा गडी देवापुढे डोळे मिटले की कोलमडायचा. आता रोज सकाळी नाकात औषधाचे दोन फवारे मारले की काम भागत होतं.

दोन्ही भावंडांच्या शरीरात फ्रॅटॅक्झिन नावाचं प्रथिन जन्मापासून अपुरं. आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष जनुक आलेलं. पेशीतली इवली वीजघरं, म्हणजे तंतुकणिका, या प्रथिनावाचून लोह नीट वापरू शकत नाहीत. आधी नसा दगा देतात, मग हृदय. मृण्मयी सव्विसाव्या वर्षी गेली आणि दोन वर्षांनी औषध आलं. वरातीमागून घोडं, असं त्यांची आई वैजयंतीबाई म्हणायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या.

तासभर झाला तरी कावळा पानाला शिवेना. त्यात पुण्याच्या प्रयोगशाळेचं पत्र आलेलं: मृण्मयीने दिलेल्या त्वचेच्या पेशींपासून वाढवलेला हृदयपेशींचा पुंज अजून धडधडतो आहे, तो पुढेही जिवंत ठेवायला आईची संमती हवी.

"म्हणून अडकलीय पोर!" वैजयंतीबाई म्हणाल्या. "मी स्वतः जाऊन बंद करायला सांगते."

"आई, माझं औषध त्याच्यावर तपासून येतं गं. असा दुसरा पुंज तयार व्हायला वर्ष जाईल. तोवर मी काय करू?"

मुलगी सुटावी की मुलगा चालावा, हे कुठल्या आईने ठरवायचं?

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत डॉ. शबनम तडवींनी वाद घातला नाही. काचेच्या बशीतला मसुरीएवढा गुलाबी ठिपका पडद्यावर मोठा करून दाखवला. तो हलत होता, पण अडखळत, दमल्यासारखा.

"दुखतं का हो तिला?"

"नाही बाई. दुखणं कळायला मेंदू लागतो. ही मृण्मयी नव्हे, तिच्या पेशी आहेत. कालच्या औषधाचा अंमल सकाळपर्यंत उतरतो, म्हणून अशी चाल."

डॉक्टरांनी नव्या कुपीतला थेंब सोडला. मायलेक जेवून परत आले, तेव्हा ठोके एका लयीत पडत होते. वैजयंतीबाईंचं बोट नकळत टेबलावर ताल धरू लागलं.

"रोज करता हे?"

"रोज. इथं ठोका सुधारल्याशिवाय एकही कुपी बाहेर जात नाही. ऋत्विजसारखे नऊशे जण वाट बघत असतात."

वैजयंतीबाईंनी पेन मागून घेतलं, सही केली आणि डॉक्टरांचे दोन्ही हात घट्ट धरले. उपकार कसे मानावेत ते त्यांना सुचेना.

"माझ्या घरी होती तोवर तिला या औषधाचा एक थेंब मिळाला नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तिला रोज देता?"