होडीतलं घरटं

"श्श!"

मी त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. धुकं होतं, भुरभुर पाऊस होता, आणि हा खुशाल शीळ घालत होडी किनाऱ्यावर ओढत होता... तेही समुद्रावरची आयडर बदकं अंडी घालायला आलेली असताना!

"कुणी झोपलंय का?" त्यानं विचारलं.

"बदकं येतायत बसायला. हळू बोल."

"एवढं हळू?" तो अगदी माझ्या कानाशी येऊन कुजबुजला. आगाऊ कुठला!

त्याचं नाव सिव्हर्ट. बोडोच्या बंदरात जहाजावर नोकरी मिळालेली, जहाज महिनाभरानं सुटणार. वाटेत गोडं पाणी भरायला आमच्या बेटावर थांबला. वारा उलटा होता, म्हणून पेट्रामावशीनं त्याला ठेवून घेतलं. बटाटे नि सुका मासा खाताना तो हसला, तर एकाच गालावर खळी. मी जरा जास्तच पाहिलं.

संध्याकाळी बदकांसाठी आम्ही रचलेल्या दगडी घरट्यांत वाळलेलं समुद्री शेवाळ घालून आले. ओंजळभर उरलं. ते मी... त्याच्या होडीत, पुढच्या फळीखाली घातलं. का ते विचारू नका!

सकाळी तिथं बदकीण बसलेली.

"उठवू का हिला?" सिव्हर्टनं विचारलं.

"खबरदार!" मावशी दबक्या आवाजात कडाडली. "यांच्या पिसांवर आमचं घर चालतं, बसलेलीला आम्ही उठवत नाही. आता सव्वीस दिवस, बाळा."

आमची होडी बाबांनी महिनाभराच्या मासेमारीला नेलेली. सिव्हर्ट अडकला.

अनोळखी कपड्यांना बदकं बिचकतात, म्हणून तो बाबांचा जुना करडा कोट घालून माझ्यामागे घरट्याघरट्यानं फिरायचा. उत्तरेकडचा उन्हाळा तो, दिवस मावळायचाच नाही. आणि कुजबुजायचं म्हणजे जवळ बसावंच लागतं...

"तुरिड, पिल्लं निघाली की मोठ्यानं बोलशील?"

"भांडेनसुद्धा."

"बरं होईल. घरच्यासारखं वाटेल."

मी मान खाली घातली. याचं जहाज चुकलं तर? माझ्या ओंजळभर शेवाळापायी याची नोकरी गेली तर? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही.

सव्विसाव्या दिवशी ती बदकीण पाच पिल्लं घेऊन पाण्यात उतरली. बेटावर अंड्यांवर बसलेली शेवटची तीच होती. मावशीनं घरट्यातली मऊ पिसं पिशवीत भरली आणि मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी गेली. आज निघाला तर सिव्हर्टला जहाज मिळणार होतं. तो खडकाला बांधलेला होडीचा दोर सोडू लागला, आणि मला राहवेना.

"सिव्हर्ट... तुझ्या होडीत शेवाळ मी घातलं होतं. रागाव हवं तर. पण जाऊ नकोस ना. मला तू फार आवडतोस."

त्याचे हात थांबले.

"ठाऊक आहे. खिडकीतून पाहिलं होतं मी."

"मग काढलं का नाहीस?"

"काढतोय कशाला! कमी पडेल असं वाटलं..." तो लाजला. "म्हणून पहाटे उठून आणखी दोन ओंजळी घातल्या."

"लबाड!" मी ओरडले. सव्वीस दिवसांत पहिल्यांदाच, अख्ख्या बेटाला ऐकू जाईल असं.

त्यानं दोर पुन्हा खडकाला बांधला.