बोटीवरून आलेला

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलं आहे.

साल १९३७. चैत्र महिना. अंबडजवळची आमची वस्ती. तेव्हा निजामाचं राज्य होतं.

वडिलांचं नाव कडूबा. त्यांचा थोरला भाऊ पुंजाराम मुंबईला जाऊन बोटीवर कामाला लागला होता. आफ्रिकेला उतारू नेणारी बोट. वर्षातून एकदा घरी यायचा.

मग तीन वर्षं आलाच नाही.

पत्र नाही. निरोप नाही.

त्याची बायको गोजरबाई, माझी मोठी माय, तेव्हा बावीस वर्षांची होती. दोन दिवसांनी तिचे भाऊ येणार होते. नवरा गेला असेल तर तिला दुसरं घर करून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ती वडिलांना एवढंच म्हणाली,

"भाऊजी, जिते हायेत का न्हाई, तेवढं खरं सांगा. मंग मी काय बी सोसंन."

वडिलांनी बोट कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत चार अर्ज धाडले होते. एकाचंही उत्तर नव्हतं. गोदीतून परतलेल्या प्रत्येकाला विचारून झालं होतं. शेवटी कळलं, वडीगोद्रीचा रामकिसन त्याच बोटीवर होता. आजारी पडून गावी आलाय.

वडील पायीच निघाले.

रामकिसन खाटेवर खोकत पडला होता. त्यानं सगळं सांगितलं. पुंजाराम बोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकायचा. वर उतारू वारा खात बसायचे, खाली माणसं भाजून निघायची. तीन वर्षांपूर्वी, भर समुद्रात, तो भट्टीसमोरच कोसळला. रामकिसननं स्वतःच्या हातानं त्याला कापडात शिवलं आणि पाण्यात सोडलं. घरी कळवायची त्याची हिंमत झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, दिवस मावळता, वडील वस्तीवर पोचले. रस्ताभर एकच विचार. तिला कसं सांगायचं...

मोठी माय दारातच उभी होती.

हसत होती.

"भाऊजी, ते आले. दुपारीच आले. न्हाणीत हायेत."

वडिलांनी कान दिला.

घरामागून आवाज येत होता. तांब्यावर तांब्या... तांब्यावर तांब्या...

चार हंडे संपले तरी उठेनात, असं ती सांगत होती. आल्यावर तोंडसुद्धा धड दाखवलं नाही म्हणे. डोक्यावरून उपरणं ओढून थेट न्हाणीत गेले.

वडील मागं गेले. न्हाणीला तुराट्यांचा आडोसा होता.

पाण्याचा आवाज थांबला.

आतून हळूच शब्द आले. भावाचाच आवाज...

"कडूबा, तिला सांगू नको."

वडिलांनी आडोसा बाजूला सारला.

आत कोणी नव्हतं.

आणि न्हाणीचा दगड... कोरडा ठाक होता.

वडिलांनी तिला सांगितलं नाही. बोलावणं आलं म्हणून तो तसाच बोटीवर गेला, असं खोटं सांगितलं. तिचे भाऊ आले, त्यांना तिनं परत पाठवलं. माझा नवरा येऊन गेला, म्हणाली. चाळीस वर्षं कुंकू लावून ती वाट पाहत राहिली. तशीच गेली.

का सांगितलं नाही, हे मी वडिलांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "भ्यालो."

मग पुढं म्हणाले,

"आवाज बराबर त्याचाच होता. पण पुंजारामनं मला नावानं कधीच हाक मारली न्हाई. तो मला 'धाकल्या' म्हणायचा."

मोठ्या मायचा जन्म कोणाच्या शब्दाखातर वाया गेला, ते मला आजही माहीत नाही.