एकशेचाळीस नंबरचं तेल

शप्पथ सांगतो, खरं आहे. खोटं असेल तर जीभ झडो. म्हणजे, मी तिथे नव्हतो, त्यामुळे जिभेची जबाबदारी माझ्या साडूवर. त्याच्या आईच्या घरी घडलं, गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी रात्री. चहावाल्याने बाहेरचा दिवा घालवलाय, राहू दे. सरकून बसा.

साडूचे वडील गेले आणि मागे आई, घर आणि एक जुनी मोटार राहिली. आईचे गुडघे कामातून गेलेले. साडूला तिला आपल्याकडे न्यायचं होतं. आई म्हणे, गाडी दारात आहे तोवर मी हलायची नाही. शेवटी गिऱ्हाईक मिळालं. रविवारी सकाळी चालवून बघणार होतं. अडचण एकच, मागचा एक्सल रडायचा. आतल्या गियरचे दात पार झिजलेले. गाडी लांब वळणावर असतानाच घरात ऐकू यायचं, ऊंऊंऊं, आणि आई जेवण गरम करायला उठायची. लग्न झाल्यापासून तिचं घड्याळ तेच.

म्हणून शनिवारी संध्याकाळी साडू मिस्त्रीकडे गियर ऑइल आणायला गेला. मिस्त्रीने दोन डबे पुढे केले. एक नव्वद नंबरचं, पातळ. गाडीला तेच लागतं, वडील जन्मभर तेच घालायचे. दुसरं एकशेचाळीस, मधासारखं घट्ट. त्याने आवाज बसतो, पण दात काही परत उगवत नाहीत. साडू म्हणाला, गिऱ्हाइकाची चक्कर होईपर्यंत बसला तरी खूप झालं.

मिस्त्री डबा पुसत म्हणाला, "घाल बाबा. पण दाबलेला आवाज जातो कुठे, ते मला विचारू नकोस."

साडू हसला. मीही हसलो असतो.

घरी येऊन त्याने जुनं तेल घमेल्यात काढलं, नवीन भरलं, रिकामा डबा कोपऱ्यात ठेवला आणि गावाबाहेर एक चक्कर मारून आला. गाडी मांजरासारखी चालली. दार वाजवलं तर आई दचकली. "कधी आलास? मला ऐकूच आलं नाही."

मग ती जेवलीच नाही नीट. रस्त्याकडे बघत बसली.

अकरा वाजून गेले होते. साडू आडवा झाला, तेवढ्यात वळणावरून…

ऊंऊंऊं…

तो खिडकीशी गेला. गाडी शेडमध्ये. समोर. किल्ली त्याच्या उशीखाली.

आवाज वळणावर जाड झाला. वडील तिथेच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचे. मग पुन्हा बारीक. जवळ. आणखी जवळ.

रस्त्यावर काही नव्हतं.

फाटक बंद. आवाज आत आला. खिडकीखालून गेला. शेडपाशी थांबला.

…

शेडमध्ये पान्हा पडला. एकदाच.

स्वयंपाकघरात गॅस पेटला. आणि आई, रोजच्याच आवाजात, "अहो, हात नीट धुवा. टॉवेलला डाग पडतात."

नळ सुरू झाला…

बंद झाला.

सकाळी गिऱ्हाईक आलं. गाडी फाटकाबाहेर पडली आणि ऊंऊंऊं. वळणाआधीच मागे फिरलं, किल्ली दिली, पाणीसुद्धा घेतलं नाही. साडूने मिस्त्रीला बोलावलं. त्याने खालचं बूच उघडलं. आतून आलं नव्वद. घमेलं कोरडं. आणि कोपऱ्यातला एकशेचाळीसचा डबा काठोकाठ भरलेला. झाकण असं आवळलेलं, की मिस्त्रीच्या पान्ह्यानेही हललं नाही.

आई अजून तिथेच आहे. दोघांचं जेवण करते. साडूने न्यायचा विषय सोडला. आता तो भेटायला जातो, पण उजेडातच परततो.

तो डबा मात्र साडू घरात ठेवेना, मिस्त्री हात लावेना. शेवटी मीच घेऊन आलो. तो काय, तुझ्या बाकाखाली. झाकण आजवर कुणाला उघडता आलेलं नाही…

पायाला काही चिकट लागतंय का रे?

उठलास? बरं झालं. उठलाच आहेस तर चहाचे पैसे देऊन ये. सगळ्यांचे.