छप्पन्नावा दिवस

कडाड्! दाबयंत्रात काँक्रीटचा सिलिंडर फुटला, आणि मागून कुणीतरी ओरडलंच.

"अगं, तो छप्पन्नचा होता!"

ॲरिझोनातल्या काँक्रीट लॅबमध्ये मराठी? रुचा दचकून वळली. दारात सिमेंटने माखलेला एक उंच मुलगा उभा होता. नागपूरचा राजस. चेहरा रडवेला, पण डोळे... बरे होते.

साधं काँक्रीट अठ्ठाविसाव्या दिवशी ताकद दाखवतं. राजसने त्यात अर्ध्या सिमेंटऐवजी वीज केंद्राची राख घातली होती, आणि राख सावकाश कामाला लागते, म्हणून त्याला छप्पन्न दिवस द्यावे लागतात. रुचाने सवयीने अठ्ठावीस दिवस मोजून त्याच्या तीन सिलिंडरपैकी एक मोडून टाकला होता.

"रिअली सॉरी..."

"चल, नवीन ओतू. तू मिक्स कर, मी रागावतो."

रागावला मात्र एकदाही नाही. घराजवळच्या वीज केंद्राची राख आईच्या वाळत घातलेल्या साड्यांवर कशी बसते, ते सांगत राहिला. त्या राखेचं काँक्रीट करायला गावच्या गवंड्यांना शिकवायचं, एवढ्यासाठी तो परत जाणार होता. रुचाला इथल्याच चँडलर शहरात नोकरी मिळाली होती; पुण्यात आईने पेढेही वाटले होते.

अठ्ठावीस दिवसांनी उरलेले दोन्ही सिलिंडर चाचणीत झकास उतरले. त्या आनंदात राजस म्हणाला, "माझ्यासोबत चल ना. मला इंजिनीअर हवी आहे... म्हणजे — फक्त इंजिनीअर नाही."

"अठ्ठावीस दिवसांत काय कळतं रे?"

"बरं. छप्पन्नाव्या दिवशी विचारतो."

झालं! रुचाचा जीव थाऱ्यावर राहिना. दिवसातून तीनदा ती दोघांनी नव्याने ओतलेल्या सिलिंडरला बघून यायची. नोकरीच्या पत्रावर सही करायला पेन उचलायची, पुन्हा ठेवायची.

छप्पन्नावा दिवस उजाडला. राजसचं विमान परवाचं. मशीन जुनं, सिलिंडर फुटला की ताकद दाखवणारा काटा झटकन शून्यावर यायचा, म्हणून नजर हलवायची सोय नव्हती. राजस काट्यावर डोळे लावून बसला. काटा चढत होता आणि रुचा काट्याऐवजी त्याच्याकडेच बघत होती.

"विचार ना!" ती शेवटी चिडलीच.

"काय?"

"काय म्हणे! विसरलास?"

"भीती वाटते यार..." तो तिच्याकडे वळला. "येशील?"

"येईन. तुझ्याशिवाय इथे करमायचं नाही मला. पण गवंड्यांचा वर्ग मी घेणार —"

कडाड्!

काटा शून्यावर.

"आकडा किती आला?"

"तू बघत होतास ना?"

"मी तुला बघत होतो."

रुचाने त्याचा राखेने माखलेला हात घट्ट धरला.

"आधीचे दोन आकडे आहेत. तिसरा सिलिंडर नागपूरला ओतू," ती म्हणाली, "आणि छप्पन्न दिवस दोघं मिळून वाट बघू."