टॉर्किलमामाचा गळका तंबू

"ऊना, ऊठ! माझी झोपायची पिशवी भिजलीय!" सॉर्ली किंचाळला.

"माझीपण," मर्डो हळूच म्हणाला.

ऊनाने डोळे उघडले, आणि छतावरून सुटलेला एक गार थेंब नेमका तिच्या नाकावर आपटला.

तंबू घरामागच्या परसातच ठोकलेला होता, पण कोरडी रात्र काढायची ही परीक्षा होती! पास झाले तर उद्या तिघं डोंगरापलीकडे लॉख अरिन या तळ्याच्या काठी मुक्कामाला जाणार होते. आणि या वर्षी पहिल्यांदाच, एकही मोठं माणूस बरोबर न घेता!

ऊनाची आई रबरी बूट घालून आली. तिने तिन्ही पिशव्या चाचपल्या आणि मान हलवली.

"जमायचं नाही. ओल्या पिशवीत रात्र काढली की अंग गार पडत जातं. तिथे फोन लागत नाही. आमच्या बचाव पथकाने अशी किती माणसं उचलून आणलीत, ते मला माहीत आहे."

"पण आई..."

"तंबू गळतोय, ऊना! संध्याकाळी कामावरून आले की मी मावशीला कळवते. तुम्ही तिच्या कॅरॅव्हॅनमध्ये राहा. समुद्र आहे, आईस्क्रीम आहे."

"आणि तिची केकाटणारी बॅगपाइप आहे!" सॉर्ली कळवळला.

सुट्टी संपायच्या आत मर्डोचं घर ॲबर्डीनला हलणार होतं. लॉख अरिन आता नाही, तर त्याच्यासाठी कधीच नाही. तो बुटाच्या टोकाने चिखल उकरत राहिला.

तेवढ्यात टॉर्किलमामा पॉरिजचा वाडगा घेऊन घराच्या मागच्या दारात आला. तंबू त्याचा होता.

"माझा तंबू आणि गळतो? शक्यच नाही! हिवाळ्यात मी स्वतः शिवणी मारल्यात, वर पाणी अडवायचं औषध फासलंय. तुम्हीच दार उघडं टाकलं असणार."

"नाही टाकलं!" तिघं एकदम ओरडले.

"मग लाथा मारल्या असतील," असं म्हणून मामा निवांतपणे आत गेला.

ऊनाला चैन पडेना. ती तंबूभोवती फेऱ्या मारू लागली. "पाणी आत आलं, तर ते कुठून तरी आलं. वाट शोधली की भोक बुजवता येईल. सॉर्ली, केकचा निळा रंग कुठाय?"

"आता केक?"

"आण रे तू!"

झारीतल्या पाण्यात निळा रंग कालवला. सॉर्ली बाहेरून तंबूवर धार सोडू लागला. आत ऊना आणि मर्डो पांढरे कागदी रुमाल घेऊन छत, शिवणी, कोपरे टिपत होते.

"दिसलं का निळं?" बाहेरून सॉर्ली.

"नाही!"

"आता?"

"नाही! आणि माझ्या बुटावर ओतू नकोस, बाहेर राहिलेत ते!" आतून ऊना.

सगळी झारी संपली. तंबू बाहेरून निळाशार झाला, पण एकाही रुमालावर निळा ठिपका नव्हता. छत गळत नव्हतंच!

"मग खालून," मर्डो म्हणाला. त्याने तळावर वर्तमानपत्र अंथरलं आणि तंबू बंद केला. पावसाची सर आली, गेली, परत आली. तिघं स्वयंपाकघराच्या खिडकीशी येरझारा घालत होते. सॉर्लीने ओटकेकचा अख्खा डबा संपवला. जेवणानंतर त्यांनी जाऊन पाहिलं, तर वर्तमानपत्र कुरकुरीत!

"वरून नाही, खालून नाही," ऊना पुटपुटली. "आपण आत असलो की पाणी. नसलो की कोरडं."

"म्हणजे मर्डोची लाळ," सॉर्लीने निकाल दिला.

"तुझी बडबड असेल!" मर्डो उसळला.

ऊना थबकली. तिने खिडकीच्या काचेवर तोंड नेऊन हाऽऽ केलं. काच धूसर झाली. "दोघंही जवळपास बरोबर! श्वास! आपल्या श्वासातली वाफ गार कापडाला लागली आणि पाणी झाली."

"पण गेल्या वर्षी मामा धरून चौघं झोपलो होतो," मर्डो म्हणाला. "तेव्हा कुठे काय गळलं?"

"हो की! मग या वर्षी काय बदललंय?"

तिघं पुन्हा तंबूत घुसले. मर्डो उताणा पडून वर बघत राहिला. तंबूच्या दोन्ही टोकांना, कापडी टोपीखाली, हवा खेळायला जाळीच्या खिडक्या होत्या.

"ती चिलटं बघ. हवेत लटकलीत. मेलेली."

ऊनाने बोट नेलं. ते जाळीला लागलंच नाही! मध्ये गुळगुळीत, पारदर्शक चिकटपट्टी होती आणि तिला चिलटं चिकटली होती. दुसऱ्या टोकालाही तेच.

"टॉर्किलमामा!" सॉर्ली ओरडायला निघाला.

ऊनाने त्याचं तोंड दाबलं. "थांब! नुसतं सांगितलं तर म्हणेल, पोरं सबबी सांगतात. त्याला दिसलं पाहिजे. आईलापण."

संध्याकाळी गारठा वाढला. आई परतली आणि तिने फोन हातात घेतला.

"आधी आमच्याबरोबर तंबूत चहा घे ना," ऊना म्हणाली. "मामा, तूही! तू पट्टीचा गिर्यारोहक. मुक्कामाची तयारी कशी करायची, ते सांग."

मामाला एवढं पुरे होतं! वाफाळते मग घेऊन पाचही जण आत दाटीवाटीने बसले. दार बंद झालं. बर्फ, वादळ, दरीत पडलेला एक बूट... मामाची गाडी थांबेचना. आईने दोनदा जांभई दिली.

टप्प! मामाच्या टकलावर थेंब.

"गळतंय!" मामा दचकला.

टप्प! टप्प!

"बघितलंस ना?" आई म्हणाली. "पावसाळी मुक्कामाला असा तंबू..."

"काकू, बाहेर हात काढून बघा ना," मर्डो म्हणाला.

आईने दार उघडून हात बाहेर काढला. पाऊस केव्हाच थांबला होता.

"मग हे पाणी कुठलं?"

"मामाच्या गोष्टींचं!" सॉर्ली खिदळला.

ऊनाने निळ्या पाण्याचा प्रयोग सांगितला, पांढरे रुमाल दाखवले, आणि शेवटी बॅटरीचा झोत जाळीवर टाकला.

मामाचे कान लाल झाले. "गेल्या वर्षी चिलटांनी फोडून काढलं होतं मला! जाळीतून सुद्धा घुसत होती. म्हणून हिवाळ्यात पट्टी मारली आणि... विसरलो."

"आणि म्हणे आम्ही लाथा मारल्या!" ऊना म्हणाली.

"माफी, माफी! या पोरांनी मूळ शोधून काढलं बुवा. मी नुसती औषधं फासत बसलो असतो."

आईने स्वतः दोन्ही पट्ट्या ओरबाडून काढल्या. गार हवेचा झोत आत आला. "शाबास रे! तुमचं डोकं चालतं, ते मी बघितलं. पण पिशव्या वाळवा आणि आज पुन्हा इथेच झोपा. मी सकाळी बघेन."

रात्रभर पाऊस बदाबदा कोसळला. उजाडलं तेव्हा मर्डो आधीच जागा होता. तो पिशवीत बसून दाराकडे बघत होता. छताकडे मात्र त्याने मुद्दाम पाहिलं नव्हतं.

आई आत वाकली. तिने पिशव्या दाबल्या, छतावरून सावकाश हात फिरवला आणि तो तळहात मर्डोच्या गालावर ठेवला.

"ओला लागतो का रे?"

"नाही," मर्डो पिशवीतून पाय काढत म्हणाला. "कोरडा आहे, काकू!"

"मग बसलात काय? बूट घाला!"