मायेशिवायचा कोट

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. अंग वाढलं की शिवण उसवायची, थोडी माया घ्यायची, कपडा पुन्हा बसतो. आमच्या दुकानात आईने माया ठेवल्याशिवाय कधी कात्री चालवली नाही, आणि मला त्याचा भारी तोरा आहे.

डॉक्टरांनी आईला डिमेन्शिया आहे म्हटलं तेव्हा दादा म्हणाला, "तिला संस्थेत ठेवू." मी म्हटलं, "आधी मला ठेव." विषय तेवढ्यापुरता संपला.

दवाखान्यात दर गुरुवारी असा आजार असलेल्या घरांतली माणसं गोल करून बसतात. तो गट चालवणाऱ्या ताईंनी एक गोष्ट माझ्या गळी उतरवली. "तिला खोटं पाडू नका. ती जिथे आहे, तिथे तुम्ही जा." म्हणून एका दुपारी आई आरशासमोरच्या रिकाम्या जागेला "बाई, हात जरा वर करा" म्हणाली, तेव्हा मी वाद घातला नाही. टाचण्यांची डबी पुढे केली. दुकानात इस्त्रीची ऊब होती, खडूचा वास होता. आईने त्या जागेभोवती टेप फिरवली आणि दोन्ही टोकं चिमटीत धरली. टेप गोल राहिली. कापडी टेप, खरं तर लोंबायला हवी होती. जुनी आहे, कडक झाली असेल, असं मी मनाला समजावलं.

"काय शिवायचंय बाईंना?" मी विचारलं.

"कोट. पण माया ठेवू नका म्हणतात." आईचं तोंड कसनुसं झालं. "अगदी अंगाबरोबर हवाय."

तिने राखाडी कापडाचा जादा काठ कापून टाकला. संध्याकाळी मावशीचा फोन आला. आई म्हणाली, "मला कुठली बहीण?" आजार असाच वाढतो, हे ताईंनी सांगितलं होतं. मीही तेच धरून चालले.

पुढच्या खेपेला बाईंनी म्हणे अंग धरलं होतं, कोट पाठीत होईना. आईने नवी पाठ बेतली, तीही मायेशिवाय. रविवारी दादा आला, तर तिने त्याला बाकावर बसवलं. "कपडे उद्या मिळतील हं," म्हणाली. एवढा मोठा बाप्या, दाराबाहेर जाऊन रडला. त्यानंतर त्याने संस्थेचं नाव काढलं नाही. रोज संध्याकाळी येतो, बटणं लावतो, आणि वाकडी लावतो.

मग बाई पुन्हा आल्या.

"परत जाडावल्यात," आई पुटपुटली. टेप गोल करून ती उभी होती. माझ्याकडे बघत राहिली. "तू... तू इथे कामाला आहेस ना गं?"

मी हातातली कात्री खाली ठेवली. भीती होतीच, पण राग जास्त होता. या बाईला बहीण दिली, मुलगा दिला, आणि वर मलाही द्यायचं?

टेप हळूच सैल झाली. पुन्हा ताणली गेली. पुन्हा सैल.

श्वास घेतल्यासारखी.

मी आई आणि त्या जागेच्या मधे घुसले. ओल्या कापडाचा गारवा अंगभर लागला.

"बाई," मी म्हटलं, "आमच्याकडे मायेशिवाय शिवत नाहीत. पटत नसेल तर दुसरं दुकान बघा."



टेप गळून पडली.

मी तिथेच कोट उसवायला बसले. संध्याकाळी दादा आला, त्याने एक बाही ओढून घेतली. मावशीला बोलावलं, तिची तुरपाई चांगली. जिथे काठ कापला होता तिथे आम्ही नव्या पट्ट्या जोडल्या. आई बघत होती.

"माया किती ठेवताय?"

"भरपूर," मी म्हटलं.

"ठेवा, ठेवा." माझं नाव तिला आठवलं नाही. पण तिने माझ्या दंडाभोवती टेप लावली आणि म्हणाली, "तुझ्याही कपड्यात ठेवीन हो." मी हुंदका गिळला नाही, चांगली मोठ्याने रडले.

त्या गुरुवारी आम्ही सगळे आईला घेऊन दवाखान्यात गेलो. गोलातली एक खुर्ची रिकामी होती. आईने तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "किती वाळलात हो."

आमच्या समोर एका निवृत्त ड्रायव्हरची बायको बसते, तिलाही आईचाच आजार. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून शब्द निघालेला नव्हता. तिने सावकाश त्याच खुर्चीकडे मान वळवली.

"हो ना," ती म्हणाली. "बाई आमच्याकडेही हल्ली काही खात नाहीत."